तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

एक्स्चेंजकाका माझे सख्खे काका नव्हेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं तारा जोडून ते निवृत्त झाले, म्हणून आमच्या मंडळाने त्यांना हे नाव पाडलं. मंडळ म्हणजे मोफत सॉफ्टवेअरपायी घरच्यांना वीट आणणारे आम्ही अकरा जण. लिनक्स या संगणकप्रणालीचा कुठला प्रकार अस्सल, यावरून आमच्यातले दोघं चार वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. माऊस वापरणारा माणूस आमच्या लेखी अर्धा बाद. भंगारातलं मशीन चालू झालं की आम्हाला घरात पाळणा हलल्यासारखा आनंद होतो.

आमचा पत्रव्यवहारही जुन्या पद्धतीचा. प्रत्येकाचं मशीन ठरल्या वेळी दुसऱ्याच्या मशीनला फोन लावतं, साठलेली पत्रं देतं-घेतं आणि फोन ठेवून देतं. हा प्रोग्रॅम कसा चालवायचा याची चाळीस पानी मराठी पुस्तिका काकांनी लिहिली. त्यावर नाव मात्र घातलं नाही. मला तर त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. मी इतका ढ होतो की न गेलेल्या पत्रांची रांग तपासायची कमांड त्यांना महिनाभर रोज विचारायचो, आणि ते रोज सांगायचे.

गेल्या वर्षी मंडळाच्या वेबसाइटवर, जिथे आम्ही सगळे टोपणनावाने लिहितो, ‘नवशिक्या’ नावाने कुणीतरी आलं. ‘माझी पत्रं रांगेत अडकतात, पुढे जात नाहीत. काय करावं?’ मी उत्तर दिलं. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, अक्षर न् अक्षर तेच. मी म्हटलं, मागचं उत्तर बघा. तिसऱ्यांदा तेच आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘पुस्तिका वाचा. वाचूनही कळत नसेल तर कीबोर्ड घरातल्या पोरांच्या हाती द्या आणि आपण भाजी निवडा.’

चौघांनी वाहवा केली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवशिक्याने नंतर तोंड उघडलं नाही.

पुढच्याच रविवारी दुपारी काकूंचा फोन आला. “यांचं मशीन अडलंय. जरा येऊन जाशील का?” काकांची पत्रं बरेच दिवस आली नव्हती. ते कसल्या तरी रेडिओच्या बोर्डावर सोल्डरिंग करत बसले असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

काकांनी हसून खुर्ची पुढे केली. टेबलावर सुटे बोर्ड, वायरींची भेंडोळी, मधोमध ती पुस्तिका. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. शेजारी छापून घेतलेली माझी तीन उत्तरं. आणि पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, नाव होतं नवशिक्या.



“कुणीतरी फार मन लावून लिहिलंय रे हे,” पुस्तिकेवर हात ठेवत काका म्हणाले. “पण चार ओळी वाचल्या की पहिली निसटते.”

काकू दारात उभ्या होत्या. काका चष्मा शोधायला आत गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, “विसरायला लागून वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. मंडळाला कळू द्यायचं नाही म्हणाले, म्हणून नवीन नाव घेतलं. यांची सगळी पत तुमच्यातच आहे ना.”

मी मशीन तपासलं. समोरच्या मशीनच्या फोन नंबरात एक आकडा चुकला होता. दोन मिनिटांचं काम. तिन्हीपैकी एकदा जरी मी विचारलं असतं, ‘नंबर काय लिहिलाय?’, तर तिथल्या तिथे निघालं असतं. मी विचारलंच नव्हतं. अडकलेली पत्रं एकामागून एक निघाली तसे काका लहान मुलासारखे खूश झाले.

“आता एक काम कर. त्या गृहस्थांना माझं उत्तर लिहून दे. मी लिहायला बसलो की मधेच तुटतं.”

“कुणाला?” मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी तिसरा कागद माझ्यापुढे ठेवला. “यांना. ‘आपण’ लिही हं, माणूस जाणकार दिसतो. लिही, ‘आपण रागावलात ते योग्यच झालं. मी एकच गोष्ट तीनदा विचारून आपला वेळ घेतला. पुन्हा तसदी देणार नाही.’”

‘आपण’पर्यंत मी टाइप केलं. पुढे बोट हलेना.

“काका, ते मी लिहिलं होतं.” माझी मान वर होत नव्हती. “तो मीच.”

काकांनी हसून माझ्या पाठीवर थाप मारली.

“उगाच दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नकोस. तुला मी शिकवलंय. तू असं बोलशील होय कुणाला? चल, लिही पुढे.”

काकू अजून दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या. काका पुढचा शब्द सांगत होते. मी तो लिहिला.