निर्जळी

डोंबिवलीला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. पिसाळलेल्या कुत्र्यांचे मेंदू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी. बोलताना ते समोरच्याच्या गळ्याकडे बघत.

एकदा गल्लीतल्या कुत्र्याने माझी पोटरी धरली. मी किती चपळ, ते कळलंच असेल. यांनी मला पोटरीपासून डोक्यापर्यंत विती टाकून मोजलं. "विष रक्तातून जात नाही हो. मज्जातंतूतून चालत चालत मेंदूत जातं. तुम्ही उंच, वेळ आहे. सुया घ्या." चौदा सुया पोटात घेतल्या. रोज संध्याकाळी ते येत, "वहिनी, दोन पेले पाणी," म्हणत, एक स्वतः पीत आणि दुसरा मला गिळता येतोय ना, ते बघत.

पुढे कामावर त्यांच्याच हनुवटीला तसल्या कुत्र्याचा दात लागला. "इथून वीतभरच," ते हसले. त्यांनीही सुया घेतल्या.

महिन्याने आले. हिने पेला पुढे केला. त्यांनी उचलला, पाण्याकडे बघितलं आणि खाली ठेवला.

"आज नको, वहिनी. निर्जळी एकादशी."

ते गेल्यावर हिने पंचांग काढलं. "अहो, एकादशी काल झाली."

"त्यांची भागवत असेल," म्हणत मी तोच पेला तोंडाला लावला. घोट काही गिळवेना.