फाटकवाल्या काकांचा उपास

पोपसाहेबांना कधी पेडगावला यायची बुद्धी झाली असती, तर आमच्या काकांनी त्यांनाही फाटकाबाहेर उभं केलं असतं, आधी गाडी जाऊ दिली असती आणि मगच गुडघे टेकून त्यांच्या अंगठीचा मुका घेतला असता. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पेडगाव स्टेशनाजवळच्या फाटकावरचे गेटवाले. निजामाचं राज्य होतं. आजूबाजूला सगळी शेतकऱ्यांची आणि धनगरांची वस्ती, आणि त्यात कॅथलिक म्हणावं असं घर एकच, फाटकाला लागून असलेल्या दोन खोल्यांचं. आम्ही मूळचे औरंगाबादेकडच्या मिशनच्या गावचे. तिकडे रोज मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, व्हायची, इकडे फादर वर्षातून एकदा यायचे, ईस्टरनंतर सवड मिळेल तेव्हा, पॅसेंजरने. म्हणून काकांच्या धर्माला काही कमी पडत असेल असं मात्र कोणी समजू नये. पाच चर्चना पुरून उरेल एवढा धर्म त्या माणसाने एकट्याने फाटकावर चालवला होता.

फाटकाशेजारच्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. रेल्वेने तो कशासाठी दिला होता ते रेल्वे जाणे, काकांनी त्याची घंटा केली. सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन वेळा ते हातोडीने ठोके द्यायचे आणि टोपी काढून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणायचे. शिवारातल्या निंदणाऱ्या बायकांना त्या देवदूताशी काही देणंघेणं नव्हतं, पण दुपारचे ठोके पडले की त्या खुरपी टाकून भाकरीला बसायच्या. एकदा काका तापाने फणफणले आणि घंटा झालीच नाही. बायका उन्हं कलेपर्यंत राबत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या भांडायला दारात हजर! "काका, मरा नाहीतर जगा, पण टोले द्या की वो!" तेव्हापासून काका ताप असला तरी मावशीच्या खांद्यावर हात टाकून लिंबापर्यंत जायचेच.

लॅटिन त्यांना एका वाक्यापुरतं येत होतं. फादरांनी वेदीवरून 'प्रभू तुमच्याबरोबर असो' म्हटलं की द्यायचं ते उत्तर, 'एत कुम स्पिरितू तुओ', म्हणजे 'आणि तुमच्या आत्म्याबरोबरही'. वर्षातून एकदाच वापरायला मिळणारी चीज गंजेल अशी त्यांना भीती वाटायची, म्हणून ते रोज घोटायचे. कोणी गाडीवानाने "राम राम" घातला की हे "राम राम, एत कुम स्पिरितू तुओ" म्हणून मोकळे. गाडीवानांना वाटायचं, रेल्वेची भाषा असेल. आणि खाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. फाटकावर आलेलं काहीही नाकारायचं नाही, हा त्यांचा कायदा. ईदेचा शीरखुर्मा, मोहरमचं सरबत, पोखर्णीच्या नरसिंहाचा प्रसाद, सगळं दोन्ही हात पुढे करून. दर वर्षी फादरांपुढे पापं सांगताना त्यात देवळाचा प्रसाद असायचाच, दर वर्षी फादर रागवायचे, आणि हे पुढच्या वर्षी खायला तयार.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात मावशी विषमज्वराने मरता मरता वाचली. मी तिची सेवा करायला म्हणून तेव्हा फाटकावर राहिले होते, त्यामुळे डोळ्यांदेखतचं सांगते आहे. तिच्या अंगात त्राण नव्हतं तेव्हा एक धनगराची म्हातारी रोज शेळीचं दूध आणून द्यायची. काकांनी पवित्र मारियेला शब्द दिला होता, 'ही उठली तर फादर येतील त्या दिवशी तुझ्या लेकाचा प्रसाद घेऊन आभार मानीन.' मावशी उठली. काका चार महिने त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसले. तेव्हाचा नियम भलता कडक. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत फादर देतात ती पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही.

दिवस उजाडला, पण गाडी उजाडेना. लढाईचे दिवस, लष्करी गाड्यांपुढे पॅसेंजरला कोण विचारतो? वैशाखाचं ऊन चढायला लागलं. काकांनी पोटात पाणी जाईल म्हणून चूळसुद्धा भरली नव्हती. परभणी-पूर्ण्याकडून आदल्या रात्रीच येऊन थांबलेली रेल्वेतली चार कॅथलिक माणसंही सावलीत जीभ कोरडी करून बसली होती. तेवढ्यात पोखर्णीची जत्रा करून ती म्हातारी पायी आली. खांद्यावर पाण्याने भरलेला भोपळा, आणि ओठ मात्र फुटलेले.

"घ्या बाबा परसाद," ती म्हणाली. "तुमची कारभारीण उठली की येते म्हून नरसिंहाला बोलले व्हते. तिच्या घरधन्याच्या तोंडात परसाद पडल्याबगर पाणी पेणार न्हाई असंबी बोलले. रातीपासून कोरडी हाय बगा."

मी ओरडले, "काका, उपास!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या भोपळ्याकडे पाहिलं. म्हातारी उभ्या उभ्या डुलत होती. "आन माय," म्हणाले, दोन्ही हात पुढे केले, आणि खोबरं-साखर तोंडात टाकली. म्हातारीने भोपळा उलटा केला तो गटागटा पिऊनच खाली ठेवला. मला इतका राग आला काकांचा! चार महिने कोणासाठी ताटकळला होता हा माणूस? आणि त्यांचे डोळे भरलेले दिसले तेव्हा रागावलेली मीच रडायला लागले.

तासाभराने गाडी आली. घामाघूम फादर उतरले, तेही उपाशीच. त्यांनी गुमटीत, फाटकावरच्या रेल्वेच्या खोपटात, बसून एकेकाची पापं ऐकली. काका आत गेल्यावर फादरांचा आवाज बाहेरपर्यंत आला. नंतर काकांनीच मावशीला सांगितलं. "फादर म्हणले, उपास मोडला हे पाप न्हाई, पण आज ख्रिस्तप्रसाद न्हाई म्हंजी न्हाई. देवळातलं खाल्लं ते मात्र पाप. मी म्हणलं, कबूल हाय फादर, पण लय बघायलोय, पस्तावाच येईना. त्याचं काय करू?"

"मग?" मावशीने विचारलं.

"मंग म्हणले, माझ्यासाठीबी प्रार्थना करत जा."

लिंबाखाली मिस्सा झाली. आयुष्यातली ती त्यांची सगळ्यात मोठी मिस्सा, आणि काका सगळ्यांच्या मागे बसलेले. त्यांचं लॅटिन तेवढं सगळ्यांत खणखणीत वाजलं. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली तशी मावशी गेली, मी गेले, रेल्वेची माणसं गेली. परत येताना पाहिलं, तर जागेवर दोघंच उरली होती, काका आणि त्यांच्या शेजारी टेकलेली ती म्हातारी.

"सगळे गेले की," ती हळूच म्हणाली. "तुमी न्हाई घेत परसाद?"

"मी घेतला की माय," काका म्हणाले. "सकाळीच."

पुढच्या वर्षी फादर आले तेव्हा काकांनी आदल्या दुपारपासूनच तोंड बंद ठेवलं आणि आलेला प्रसाद घेऊन ठेवायला फाटकावर मावशीला उभं केलं. ख्रिस्तप्रसाद घेऊन ते इतके रडले की फादरांनाच थांबावं लागलं. आता काका नाहीत, मावशी नाही. ख्रिस्तप्रसादाआधीचा उपासही आता तासाभराचाच राहिलाय, आणि चर्च माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहिले की मी एकदा मागे वळून बघते. त्या दिवशी आमचे काका मागेच बसले होते ना.