रोह्याच्या काकांचं टेंपरेचर

उष्णतेवर एवढा अविश्वास असलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. हे माझ्या वडिलांचे मित्र, आमचे रोह्याचे काका. तिथल्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं रिअ‍ॅक्टरचं टेंपरेचर सांभाळून ते निवृत्त झाले, पण नजर काही काट्यावरून हटली नाही. घरात दूध तापत असलं की काका पातेल्यापाशी ड्युटीवर उभे. माझा हात हातात घेतला तर जरा जास्तच वेळ धरून ठेवत, तेव्हा ही माया की तपासणी हे मला कधी कळलं नाही. कोलाडला एका लग्नात अक्षता टाकायच्या सोडून ते आचाऱ्याला तेल फार तापलंय हे पटवत बसले होते, आणि तेल खरंच फार तापलं होतं.

काकू गेल्या, मुलगा जर्मनीला गेला, आणि घरात तापणारी एकच वस्तू उरली. मुलाने कॉलेजात असताना हौसेने जुळवलेला गेमिंगचा कॉम्प्युटर. तो विकून टाका, असं मुलगा जाताना सांगून गेला होता. काकांनी उलट त्याची शिफ्ट लावली, रोज सकाळी दहा ते बारा. रिकाम्या मशीनचं रीडिंग खरं नसतं, लोड पाहिजे, म्हणून ते गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावत. गाडी चालवायची मात्र नाही. ती पहिल्याच वळणावर कठड्याला टेकून उभी असे, बाकीच्या गाड्या शेजारून सुसाट जात, आणि काका पडद्याच्या कोपऱ्यातला प्रोसेसरच्या टेंपरेचरचा आकडा दर दहा मिनिटांनी वहीत उतरवत. शेऱ्याच्या रकान्यात ‘पंखा ठीक, बाहेर दमट, जेवायला बांगडा’ असंही मी वाचलंय. बाराला त्या पानाचा फोटो मुलाला जाई.

मागच्या वर्षी आकडा नव्वदच्या वर जायला लागला. मुलगा कामावर निघायच्या आधी रोज व्हिडिओ कॉल करून झाकण उघडायला लावी, ही जाळी दाखवा, तो पंखा दाखवा. शेवटी आत धूळ साचलीय असं निदान झालं, आणि काका कॅबिनेट गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीने पेणला माझ्या गणपतीच्या कारखान्यात आले. माझ्या रंगाच्या गनची हवा धूळ उडवेल, हा त्यांचा तर्क. तर्क बरोबर होता. गनमध्ये आदल्या दिवसाचा रंग राहिलाय, हे फक्त मी विसरलो होतो. धूळ उडाली आणि पंख्याची पाती मूर्तीच्या अंगासारखी गुलाबी झाली. मी ओशाळलो. काकांनी चष्मा पुसला, पंखा न्याहाळला आणि म्हणाले, "राहू दे. आता रोज नैवेद्य दाखवीन." मग प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून आम्ही नवी लावली. आकडा पंचावन्नवर आला. काकांचं केवढं मोठं काम केलं, हे मी घरी दोनदा सांगितलं.

गणपती झाल्यावर सवड मिळाली तसा मी रोह्याला त्यांच्याकडे गेलो. सकाळचे अकरा वाजले होते, काका ड्युटीवर होते. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर दुहेरी घडीचा टॉवेल होता, चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावून असा बसवलेला, की हवेला शिरायला फट नाही. आकडा एक्क्याण्णव. विसरले असतील म्हणून मी टॉवेल काढायला वाकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको काढू. पंचावन्न लिहून पाठवलं की तो नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवतो. नव्वद लिहिलं की फोन करतो."

तीस वर्षांत ज्याने काटा लाल रेघेपुढे जाऊ दिला नाही, तो माणूस स्वतःच्या हाताने टॉवेल लावून बसला होता, आणि त्या दुरुस्तीची मी घरी दोनदा फुशारकी मारली होती. मला स्वतःचीच लाज वाटली. मशीन जळेल हो, मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, जळू देत नाय, माझं लक्ष हाय.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी मला गप्प राहायची खूण केली, विरळ केसांवरून हात फिरवला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "हां, बोल. आजपण चढलाय रे." पलीकडून मुलगा काय काय करायचं ते सांगू लागला. काका टॉवेल फोनमध्ये दिसणार नाही असे आडवे उभे राहिले आणि "व्हय, व्हय" म्हणत त्याची एकेक सूचना सावकाश वहीत लिहून घेऊ लागले.