लांबडीचे डोळे

नवापूरच्या पलीकडे, गुजरातची हद्द ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे यावर म्हाताऱ्यांचं अजून एकमत नाही, तिथल्या डोंगरातल्या एका पाड्यावर सुरुपसिंग खांब कोरतो. मेलेल्या माणसांचे खांब. आपल्याकडे माणूस गेला की भिंतीवर फोटो लागतो आणि फोटोला हार. तिकडची जुन्या रीतीची घरं शेताच्या कडेला सागाचा खांब उभा करतात. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये घोड्यावर बसलेला गेलेला माणूस, खाली त्याला आवडायच्या त्या वस्तू. फोटोतला माणूस नुसता बघत बसतो. खांबावरच्याला लांब जायचं असतं, म्हणून त्याला घोडा द्यायचा.

हल्ली घोडे मागे पडलेत. कुणी मोटरसायकल मागतं, कुणी ट्रॅक्टर. एका मुकादमाच्या घरच्यांनी जेसीबी मागितला तेव्हा सुरुपसिंगने तोंडातली विडी काढून विचारलं, "वर जाऊन खड्डे खणायचेत का त्याला?" आणि मग मुकाट्याने जेसीबी कोरून दिला. हौसेला मोल नसतं हे त्याला कळत होतं. बापाने घालून दिलेली दोन बंधनं मात्र त्याने कधी मोडली नव्हती.

पहिलं बंधन डोळ्यांचं. घोडा असो की गाडी, डोळे शेवटी कोरायचे. खांब खड्ड्यापाशी आणला की सगळ्यांसमोर पटाशीने डोळे उघडायचे, मोहाच्या दारूची धार सोडायची, मगच खांब उभा करायचा. डोळ्यांशिवाय वाहनाला वाट दिसत नाही, आणि वाहन अडलं की बसणाराही इथेच अडकतो. गाडीचे दिवे म्हणजे तिचे डोळे, एवढी सोय सुरुपसिंगने आपल्यापुरती करून घेतली होती. दुसरं बंधन लोखंडाचं. उभ्या राहिलेल्या खांबाला पुन्हा लोखंड लावायचं नाही. लावलं तर जे कोरलं असेल ते कोरणाऱ्याच्या अंगातून वजा होतं. त्याच्या एका चुलत्याने उभ्या खांबावरच्या माणसाचा मोडका हात पुन्हा कोरून दिला होता, आणि तो चुलता मरेपर्यंत डाव्या हाताने जेवला.

आता ईश्वरबद्दल. ईश्वर याच पाड्याचा, सुरतेला एका व्यापाऱ्याची गाडी चालवायचा. गाडी विलायती, तिच्या कंपनीच्या सगळ्या गाड्यांत वरची, आणि इतकी लांब की ईश्वरने तिचं नाव लांबडी ठेवलं होतं. लग्नाचं वय उलटून चाललं तरी त्याने लग्न केलं नाही. मंगळीबाई, सुरुपसिंगची बायको, त्याला तोंडावर म्हणायची, "तुझं लग्न झालंय रे. सासर तेवढं सुरतेला आहे." तो हसायचा आणि मोबाइलमधला लांबडीचा नवा फोटो तिच्यापुढे धरायचा.

पाड्याचा रस्ता असा की लांबडीचं पोट दगडांना लागलं असतं, म्हणून ती कधी इकडे आली नाही. ईश्वर सुरुपसिंगला सांगायचा, "काका, रस्ता होऊ दे. तुझ्या दारात आणतो आणि मागच्या सीटवर बसवतो. दार मी उघडणार, तू हात लावायचा नाहीस." सुट्टीत घरी आला तरी त्याचा हात स्वस्थ नसायचा. पाड्यावर कुणाचीही गाडी उभी दिसली की खांद्यावरचं पिवळं फडकं काढून तो तिचे दिवे पुसायचा. दोनदा गोल, मग बॉनेटवर तळहाताची एक थाप. बाकीच्या गाडीवर बोटभर धूळ असली तरी तिला हात लावायचा नाही. "माणूस उठल्यावर आधी डोळेच धुतो ना," असं त्याचं म्हणणं.

पावसाळा सरता सरता त्याला कावीळ झाली. घरी आला तेव्हा त्याचे स्वतःचे डोळे त्या फडक्यासारखे पिवळे झाले होते. दिवाळी काही त्याने पाहिली नाही.

सुरुपसिंगने त्याच्यासाठी चांगला साग निवडला. सूर्य-चंद्र झाले, मधली जागा लांबडीसाठी ठेवली. जुने फोटो समोर होतेच. त्या लाकडावर हात फिरवताना त्याला रडू यायचं आणि तो ते लपवायचाही नाही. अशातच ईश्वरचा धाकटा भाऊ इंद्रसिंग नवा फोटो घेऊन आला. कंपनीने लांबडी पार बदलून टाकली होती.

त्या फोटोंनी गाडीच्या शौकिनांत गहजब केला होता. ईश्वरने मोबाइलवर एक ग्रुप चालवला होता, 'लांबडीचे दिवाने'. सुरत, वापी, नंदुरबार, कुठकुठले ड्रायव्हर त्यात, आणि ज्यांनी लांबडीला आयुष्यात हात लावला नाही असे शौकीन त्याहून जास्त. त्यातलाच एक धानोऱ्याचा हेमराज. भाजीची पिकअप घेऊन तो डोंगरातल्या बाजाराला यायचा आणि सुरुपसिंगच्या अंगणात चहाला थांबायचा. ईश्वरनंतर ग्रुपचा कारभार त्याच्याकडेच आला होता. त्या दिवशीही तो अंगणातच होता आणि एकेक मजकूर वाचून दाखवत होता.

कुणी लिहिलं होतं, ही आपली लांबडी नाही, तिच्या साडीत दुसरीच कुणी आलीय. कुणी लिहिलं, कंपनीवाल्यांची बुद्धी चरायला गेली. दुसऱ्या बाजूचे तितकेच तावातावाने बोलत होते, म्हाताऱ्यांना नवं कधी पचलंय, आत बसून बघा म्हणजे कळेल. आत कुणीच बसलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण सगळ्या भांडणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, ती हेमराजने फोन खाली ठेवून सांगितली.

"काका, बाकी सगळं ठीक शे. पन हिना डोया कथा गयात?"

सुरुपसिंगने चष्म्यावरचा भुसा शर्टाच्या टोकाने पुसला आणि फोटो जवळ घेतला. जुन्या लांबडीला दोन मोठे दिवे होते, थोडे झुकलेले, दमलेल्या बाईसारखे. नवीला पुढून नुसती गुळगुळीत काळी पट्टी होती. दिवे तिच्या आत कुठेतरी, पेटले तरच दिसणार. न पेटलेल्या गाडीला तोंड होतं, आणि तोंडावर काही नव्हतं.

"जुनीच कोरतो," तो म्हणाला.

"भाऊ मेला म्हणून त्याला जुनं द्यायचं?" इंद्रसिंगने नवा फोटो पुन्हा त्याच्यापुढे धरला. "तो असता तर त्याने हीच चालवली असती. त्याच्या शेठने हीच घेतलीय, काका. नवा ड्रायव्हर ठेवलाय."

"हिला डोळे नाहीत. मी उघडू काय?"

"नाहीतच, तर उघडायचे कशाला? हेच तर नवीन आहे तिच्यात."

हेमराज मध्ये बोलला, तो चांगल्या मनानेच. "काका, तुमीन हाई नवी कोरी दाखाडी ना, तं फोटो मी ग्रुपवर टाकसू. सगळा दखतीन."

इथे सुरुपसिंग घसरला. जन्मभर त्याचं काम शेतांच्या कडेला उन्हापावसात उभं राहिलं होतं, आणि ते पाहायला गुरंवासरं आणि मेलेले. सुरत-वापीची माणसं पाहतील म्हटल्यावर म्हाताऱ्याने तो फोटो पुन्हा जवळ ओढला. कौतुकाची भूक पोटाच्या भुकेपेक्षा वाईट असते, ती लाजेने झाकून ठेवावी लागते. त्याने नवी लांबडी कोरली, आणि ती काळी पट्टी काचपेपरने इतकी घासली की तिच्यात बोट दिसावं.

खांब उभा केला त्या दुपारी सगळे जमले. डोळे उघडायची वेळ आली तेव्हा सुरुपसिंगने पटाशी हातात घेतली, पट्टीपाशी नेली आणि परत पिशवीत ठेवली. दारूची धार सोडली आणि खांब तसाच उभा राहिला. मंगळीबाई तेवढी उठून घरी निघून गेली.

ग्रुपवर फोटो गेला. हुबेहूब, असं सगळ्यांनी लिहिलं. नव्या लांबडीला शिव्या घालणाऱ्यांनीसुद्धा लिहिलं.

त्यानंतरच्या बाजाराला हेमराज अंगणात आला तो आधी आपल्या गाडीभोवती फिरला. मग म्हणाला, "काका, मन्ही गाडीना दिवा कोन पुशी गया?" सुरुपसिंग उठून पाहायला गेला. थंडीतली कोरडी धूळ पिकअपवर टपापासून चाकापर्यंत बसली होती. दिवे मात्र आरशासारखे स्वच्छ. काचेवर दोन गोल फेरे उमटले होते आणि बॉनेटच्या धुळीत एका तळहाताचा ठसा होता.

पोरांनी केलं असेल, असं दोघं एकमेकांना म्हणाले.

मग गुरुजींच्या मोटरसायकलचा दिवा. मग ट्रॅक्टर. मग गुजरातेतून ऊसतोडीची माणसं न्यायला आलेला ट्रक, ज्याचा ड्रायव्हर चहा पिऊन परतला तर त्याच्या धुळकट ट्रकचे दोन दिवे लखलखत होते. सगळं भर उन्हात. कुणी पुसताना दिसलं नाही. जे त्या खांबावरून जायचं ते पुसलं जायचं. पाड्यावरची माणसं गाड्या धुवायला लागली, म्हणजे पुसायला काही उरू नये. इंद्रसिंगने तर आपल्या मोटरसायकलच्या दिव्यावर गोणपाट बांधलं. संध्याकाळी ते सोडलेलं आणि नीट घडी करून सीटवर ठेवलेलं सापडलं.

सुरुपसिंगला कळलं होतं. तो म्हणत नव्हता एवढंच. त्याच्या अंगणात अर्धवट घोडे पडलेले असायचे, भुशाने माखलेले. एका सकाळी ते सगळे घोडे तसेच माखलेले होते, आणि जिथे पुढे डोळे यायचे होते त्या जागा पुसलेल्या होत्या. तो प्रत्येक घोड्याजवळ उकिडवा बसला आणि त्याने बोट लावून पाहिलं. लाकूड किंचित ओलसर होतं.

त्या दुपारी काम करता करताच त्याला भिंतीला टेकून डुलकी लागली. चष्मा नाकावरच होता, भुशाने पांढरा झालेला. जाग आली तेव्हा अंगण लख्ख दिसत होतं. प्रत्येक पान वेगळं, कोंबडीच्या पायांच्या खुणा वेगळ्या. इतकं स्वच्छ त्याला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. मग कपाळावर एक जागा गार लागली, तळहाताएवढी.

मंगळीबाई दारात उभी होती. "तू पुसलास?" त्याने विचारलं.

"मी कशाला पुसू? तुझ्यापर्यंत आलाय तो," ती म्हणाली. "काचा झाल्या. आता काचेच्या मागचं मागेल."

भीती वाटली त्याला. खूप वाटली. पण भीतीच्या आत दुसरंही काही होतं, आणि ते जास्त दुखत होतं. ज्याने परक्या गाड्यांचे डोळे जन्मभर पुसले, त्याला आपण आंधळ्या गाडीत बसवलं. तो बिचारा दारोदार डोळे शोधत फिरतोय, कुणाचं वाईट करत नाहीये, आणि माणसं गोणपाटं बांधतायत.

तो इंद्रसिंगकडे गेला. इंद्रसिंग ऐकून घेऊन म्हणाला, "उभा खांब आहे, काका. लोखंड लावलंस तर काय जातं ते तुलाच ठाऊक." ते सुरुपसिंगला ठाऊक होतंच. डोळे कोरले तर काय वजा होणार, याला पंचांग लागत नव्हतं.

तिथून तो घरी न जाता सरळ शेताच्या कडेला गेला. ऊन माथ्यावर होतं, खांबाची सावली त्याच्याच पायाशी गोळा झाली होती. त्याने पटाशी त्या काळ्या पट्टीवर टेकवली आणि म्हणाला, "ईश्वर, चूक माझी होती. मला लोकांनी पाहायला हवं होतं." मग हातोडी मारली. सागाचा वास आला, आणि लाकूड आतून कोमट लागलं. पहिला डोळा झाला, थोडा झुकलेला, जुन्या लांबडीचा होता तसा. दुसरा कोरताना भुसा खाचेत साठला. तो फुंकर मारायला वाकला, तेवढ्यात त्याच्या आधीच भुसा उडाला. वारा नव्हता. समोरच्या तुरीचं पानही हललं नव्हतं.

तो परतला तेव्हा वाटेच्या कडा जरा विरघळल्यासारख्या दिसत होत्या.

पुढच्या बाजाराला हेमराजची गाडी पुढून मागून सारखीच धुळकट होती, आणि त्याला त्याचा इतका आनंद झाला की त्याने फुकट वांगी वाटली. खांबाचा फोटो त्याने पुन्हा ग्रुपवर टाकला. अंग नवं आणि डोळे जुने. दोन्ही बाजूंचे शौकीन पहिल्यांदाच एका सुरात बोलले, कंपनीने अशीच काढायला हवी होती. हेमराजने ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सुरुपसिंगने ऐकलं, पण मान वर केली नाही.

नवापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, या वयात होतोच, ऑपरेशन करू. "करू की," असं म्हणून तो घरी आला तो पुन्हा गेला नाही. मंगळीबाई चिडते, भांडते आणि मग त्याचा चष्मा पुसून देते. पुसलेल्या चष्म्यातूनही त्याला आता धुकंच दिसतं. घोडे तो बोटांनी चाचपून कोरतो. सध्या हातात एकच आहे, आणि तो कुणासाठी हे त्याने मंगळीबाईलाही सांगितलेलं नाही.

पाड्याचा रस्ता अजून झालेला नाही. तरी दुपारी, अंगण निवांत असलं की, सुरुपसिंगला दगडांवरून अलगद येणारी चाकं ऐकू येतात, पोट कुठेही न घासता. समोरच्या धुक्यात दोन दिवे दिसतात, थोडे झुकलेले. त्याला दुसरं काहीच इतकं स्पष्ट दिसत नाही. गाडी दारात थांबते, मागचं दार उघडल्याचा मऊ आवाज येतो. तो हात लावत नाही. तसं ठरलंच होतं.

"थांब जरा," तो पटाशीवरचा भुसा झटकत म्हणतो. "या घोड्याचे डोळे राहिलेत."