तपासलं, चालतंय

माझं सगळं माझ्या बायकोला ठाऊक आहे — कुठे चोरून सिगरेट ओढतो, कुणाशी का बोलत नाही, सगळं. हे एवढं एक सोडून. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर तोंड उघडायची धमक माझ्यात नव्हती — आणि आजही नाही.

गोव्यात, साखळी गावात माझा कॉम्प्युटर क्लास होता. खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट — ट्रकांच्या रांगा, आणि तांबडी धूळ भातात, डोक्यात, देवाच्या फोटोवर. क्लासपासून स्कूटरने पाच मिनिटांवर आमच्या ओळखीतली शालनवहिनी राहायची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. शाळेत कुणी घातलीच नव्हती. नवरा, यशवंतदादा, बोटीवर कुक. लग्नानंतर दोघांनी घरच्या घरी हातांची एक भाषा बनवली होती, ती त्या दोघांशिवाय कुणालाच पुरती कळायची नाही. सासूलासुद्धा नाही. मग सांगा — असा माणूस बोटीवर गेला की या बाईने बोलायचं कुणाशी?

म्हणून मी तिच्या घरी एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला, ओपन सोर्स — म्हणजे फुकटातली, कुणालाही सुधारता येणारी — सिस्टीम घालून, आणि वर माझ्याकडचा एक वेबकॅम. दादाची बोट बंदराला लागली की तो तिथल्या सायबर कॅफेत बसायचा आणि ही इकडे खिडकीपाशी. खिडकीपाशीच, कारण हात नीट दिसायला उजेड लागतो. पहिल्या दिवशी तिने मला हात जोडले. मी काय फुगलो होतो म्हणता!

तो कॅमेरा मात्र महालबाड. कॅमेऱ्याने कॉम्प्युटरला आपली माहिती ठरलेल्या नियमांनी सांगायची असते. हा सांगायचा एक आणि चित्र पाठवायचा भलतंच. कॅमेरा चालवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो — ड्रायव्हर — त्यात अशा नाठाळांसाठी खास सवलत ठेवावी लागते. हे काम जगभरचे लोक फावल्या वेळात, हौसेने करतात. त्यातल्याच एकाने माझ्या तक्रारीवरून आमच्या कॅमेऱ्यासाठी ती सवलत लिहिली होती. पुढे त्याने सगळा ड्रायव्हर नव्याने लिहून काढला आणि मला विचारलं — हा कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे नाही, बदल घालून बघाल का? बघितलं की त्या बदलाखाली नाव लागतं: अमक्याने तपासलं. ते कायमचं राहतं. साखळीच्या बाजारातल्या माणसाचं नाव — जगभर!

करायचं काय होतं? स्कूटर काढायची, वहिनीकडे जायचं, बदल घालायचा, कॅमेरा लावून बघायचा. पण मी नुकताच जेवून उठलो होतो. बांगड्याचं हुमण, वर उकड्या तांदळाचा भात, बाहेर ऊन मी म्हणतंय — त्या वेळेला आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. बदल नुसता वाचला, बरा वाटला. म्हटलं, न चालायला काय झालं! लिहून टाकलं — तपासलं, चालतंय. आणि झोपलो. हो, झोपलो. गाढ.

काही महिन्यांनी तो बदल अपडेटमधून वहिनीच्या कॉम्प्युटरवर आला. अपडेट आपोआप यावा ही सोयही मीच करून ठेवलेली. कॅमेरा बंद पडला.

वहिनी सासूला घेऊन क्लासवर आली, कॅमेरा रुमालात गुंडाळून. मी तो आतल्या खोलीत नेला आणि कधीच अपडेट न केलेल्या एका जुन्या मशीनला लावला. झकास चालला. समोर माझंच तोंड दिसत होतं. तिथल्या तिथे कळलं मला — कॅमेऱ्याला काही झालेलं नाही, जे झालंय ते माझ्या त्या एका ओळीने. आणि बाहेर येऊन काय म्हणालो? म्हणालो, धूळ गेलीय आत. खिडकीत ठेवला होता ना? गेला तो कामातून.

आमच्या भागात धुळीवर कोण संशय घेणार? सासू धारगळची, तोंडाने फटकळ — तिथेच सुनेवर उसळली. “मी सांगत होतंय तिका, जनेलार ठेव नको म्हणान!” वहिनीला शब्द कळले नाहीत. पण सासूचं बोट क्लासच्या खिडकीकडे आणि मग आपल्याकडे वळलेलं कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. उजेड लागतो हे हा तरी सांगेल, असं वाटलं असेल का तिला? मी वायरी गुंडाळत बसलो.

जुना ड्रायव्हर परत घालता आला असता. पण पुढच्या अपडेटला पुन्हा तेच, आणि दुसरा कॅमेरा आणून द्यायचं मी मनावरच घेतलं नाही. कायमचं निस्तरायचं तर त्या माणसाला लिहायला हवं होतं, की बाबा, मी खोटं लिहिलं. ते होईना. उद्या लिहू, परवा लिहू — नाव जाईल ना माझं!

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. ती बातमी तिने दादाला त्याच कॅमेऱ्यावरून सांगितली होती. पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. दादाचा फोन आला तेव्हा सासूने दोन शब्दांत सांगून टाकलं. वहिनी शेजारी उभी होती म्हणे, फोनकडे बघत. हे मला माझ्या बायकोने जेवताना सांगितलं. मी ताटावरून उठलो नाही. तेव्हा तरी लिहायचं होतं ना? नाही लिहिलं. लाज वाटते हो — पण ती तेव्हा वाटायला हवी होती.

पाऊस सरता सरता दादा घरी आला. मी भेटायला गेलो. दोघं ओसरीवर बसली होती आणि वहिनीचे हात चालले होते — थांबतच नव्हते. इतक्या महिन्यांचं सगळं साठलेलं. तो मध्येच तिचे हात धरायचा, ती सोडवून घ्यायची, पुन्हा सांगायला लागायची. मला बघितल्यावर तिने डोळे पुसले, माझ्याकडे बोट करून त्याला काहीतरी सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

दादाने माझा हात हातात घेतला. “ती म्हणता, कॅमेऱ्यासाठी तू खूप खटपट केलंस.”

मी म्हणालो, “त्यात काय मोठं, दादा.”

मग चहा आला. तो मी प्यायलो.