कल्याणच्या बातमीदाराची नोंद

“कल्याणचे आमचे जुने बातमीदार अखेरच्या काळात पत्रापासून दूर गेले होते, त्यामुळे त्यांच्या निधनाची नोंद अंकात आली नाही.”

ज्या दैनिकासाठी माझ्या वडिलांनी हयात वेचली, त्याच्या स्मरणिकेतले हे वाक्य. पुतण्याने ते वाचून दाखवले आणि वर म्हणाला, “जाऊ द्या ना काका, कोण वाचतंय आता?”

“तू वाचलंस ना? मग उत्तरही वाच.”

दूर गेले होते म्हणे! पन्नासच्या दशकातल्या त्या कल्याणात दुपारचे जेवण आटोपले की वडील बातमी लिहायला बसत आणि लिहून झाली की आईला वाचून दाखवीत. तांदूळ निवडता निवडता ती म्हणे, “‘प्रचंड सभा’ कशाला? सतरंजी अर्धी रिकामी होती, तुम्हीच म्हणालात.” “संपादक परवडले तुझ्यापेक्षा,” असे पुटपुटत ते शब्द खोडीत. मग स्टेशनावर जाऊन मुंबईच्या गाडीच्या गार्डाकडे पाकीट देत. बोरीबंदरला कचेरीचा शिपाई ते घेई. गावात कोणी वारले की माणसे आमच्या दारी येत, “चार ओळी येऊ द्या हो,” म्हणत. त्या ओळी येतच.

भाषिक राज्याच्या चळवळीत संपादकांशी त्यांचे बिनसले, असेही काहीजण सांगतात. बिनसले होते, मी नाकारत नाही. कचेरीत जाऊन ते तोंडावर भांडले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पाकीट घेऊन स्टेशनावर गेले. भांडण आणि फारकत यांतला फरक स्मरणिकाकारांना ठाऊक नसावा.

एके दुपारी स्टेशनावरून परतले, पडवीत टेकले आणि तिथेच गेले. त्याच संध्याकाळी स्मशानातून परतल्यावर शेजारचे गृहस्थ आईला म्हणाले, “वहिनी, पेपरात कळवायला हवं.”

“कळवायचं काय? पेपर ह्यांचाच आहे. त्यांना कळल्याशिवाय राहील?”

ते कोणालाच वावगे वाटले नाही. कल्याणात कोण गेले हे त्या कचेरीला कळवणारा माणूस एकच होता आणि आम्ही त्यालाच पोहोचवून आलो होतो, हे दुःखाच्या त्या घरात कोणाच्या ध्यानी येणार? तेराव्यापर्यंत आई रोज मला अंक शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावी. “नीट बघितलंस?” एवढेच विचारी. पुढे तेही विचारीनाशी झाली. अंक मात्र तिने बंद करू दिला नाही. तो घडी न मोडता कोनाड्यात पडून राही.

नोंद आली नाही, हे खरे. तिच्यासाठी शोधलेले कारण खोटे. पन्नास वर्षांनी कोणी जुन्या अंकांत शोधू लागला, काही सापडले नाही, म्हणून माणसालाच पत्रातून उठवून बाहेर बसवले. हे मी चालू देणार नाही. ज्याला खातरजमा हवी त्याने तो एक अंक काढून पाहावा: वडिलांना अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या सकाळी त्या दैनिकात कल्याणच्या खाडीवरील धक्क्याच्या दुरुस्तीची बातमी आली होती, आणि ती वडिलांनी आदल्या दुपारी पाठवलेली होती.