मामाजींचा मोडलेला पाय

लढाईच्या दिवसांत आमच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये सगळ्यात कडक पहारा होता तो माझ्या सासऱ्यांवर. मामाजी न्हाणीघरात घसरून पडले होते. हाड शाबूत होतं, पण आमच्या ह्यांनी असा धसका घेतला की विचारू नका! मामाजी जरा हलले की हे ओरडत, "बाबा, काहून उठून राहिले? बसा!" बसून बसून त्यांचे पाय लटपटू लागले, आणि पाय लटपटतात म्हणून आम्ही त्यांना आणखी बसवलं. काय अक्कल आमची! त्यांना एकच हवं होतं. कोपऱ्यावरच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, त्यांचे रिटायर मित्र बसत, तिथवर आपल्या पायांनी जायचं.

त्यात हवाई हल्ल्याची कवायत निघाली. वॉर्डनला खोटे जखमी हवे होते. आमच्या घरी येऊन मामाजींच्या खाटेकडे बघून तो म्हणाला, "दादाजी तो लेटे ही हैं!" ह्यांनाही पटलं, स्ट्रेचरवरून माणूस पडणार कसा? मामाजींच्या पायाला लाकडी पट्ट्या बांधल्या, गळ्यात चिठ्ठी अडकवली, 'टाँग टूटी, चल नहीं सकते', आणि उचलून शाळेच्या मैदानात नेलं.

कवायत संपल्याचा भोंगा झाला. फॅक्टरीच्या साहेबांकडून चहा-समोसे होते, सगळे तिकडे धावले. ह्यांना वाटलं बाबांना वॉर्डनने घरी पोचवलं, वॉर्डनला वाटलं ह्यांनी. घरी खाट रिकामी! मी ह्यांना नाही नाही ते बोलले. स्ट्रेचर घेऊन मैदानात धावलो, तर तिथे नुसत्या पट्ट्यांच्या दोऱ्या पडलेल्या. शोधत शोधत कोपऱ्यावर आलो.

मामाजी पुलियावर बसले होते. गळ्यात चिठ्ठी, हातात काठीसारखी धरलेली पायाची लाकडी पट्टी. मित्र हसून हसून बेजार.

"बाबा, यावर झोपा बरं," हे रडवेले झाले होते.

मामाजी पट्टी टेकत उठले. गुडघे थरथरत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"माझा पाय तर मोडला आहे," चिठ्ठी दाखवत ते म्हणाले. "आता काय मोडायचं राहिलं? चल."

ते पुढे, मागे आमचे हे आणि मी रिकामं स्ट्रेचर घेऊन. मला मेलं हसूही येत होतं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाजी खाटेवरून उठले. ह्यांनी ओरडायला तोंड उघडलं. मामाजींनी खुंटीवरची चिठ्ठी काढून गळ्यात घातली आणि चालू लागले.